तिखट चीज सँडविच घरच्या तव्यावर : चीज, मिरची आणि आच यांची निवड

घरी चीज सँडविच करणाऱ्यांच्या शंकांमध्ये तीन तक्रारी पुन्हा पुन्हा आढळतात : ब्रेड बाहेरून करपतो आणि आतले चीज मात्र घट्टच राहते, चटणी लावल्यामुळे ब्रेडचा लगदा होतो, आणि मिरची भरपूर घालूनही एक घास सपक लागतो, तर दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी येते. मुंबईतील हातगाडीवरचे ग्रिल सँडविच किंवा तेथील उपाहारगृहांमधील चिली चीज टोस्ट ज्यांच्या आवडीचा आहे, त्यांना घरी तीच चव साधत नाही याची खंत वाटते, आणि बहुतेक वेळा त्याचा दोष घरात ग्रिलचे यंत्र नसण्याला दिला जातो. वस्तुतः यंत्राचा वाटा थोडा असून या तिन्ही तक्रारींचे मूळ आच आणि पाणी यांवर ताबा नसण्यात आहे. म्हणून चीज कोणते, तिखटपणा कोठून आणावयाचा आणि आच किती, हे निर्णय आपण नीट घेतले, तर साध्या लोखंडी तव्यावरही उत्तम सँडविच होते.

चीज कोणते घ्यावे

चीज विरघळणे म्हणजे त्यातील स्निग्धांश पातळ होणे आणि त्याचबरोबर केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाची जाळी सैल होणे. कॅल्शियममुळे ही जाळी एकत्र बांधलेली असते, आणि साधारणपणे ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती सैलावून चीज वाहू लागते. पनीर आम्लाने आणि उष्णतेने फाडलेले असल्यामुळे त्याची जाळी अशी सैलावत नाही. ते तव्यावर तांबूस होते, पण विरघळत नाही, आणि म्हणून चीजला पर्याय म्हणून केवळ पनीर घालणाऱ्यांची निराशा अटळ असते. पनीर घालावयाचेच असेल, तर ते कुस्करून चीजबरोबर मिसळावे, चीजच्या जागी घालू नये. दुकानात दिसणाऱ्या प्रकारांपैकी पुढील चार प्रकारांचा विचार आपल्याला करावा लागतो.

- प्रोसेस्ड चीज (क्यूब, विटा किंवा स्लाइस) : तयार चीज वितळवून त्यात इमल्सीकारक क्षार, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी यांना वेगळे होऊ न देणारे क्षार, मिसळून हे केलेले असते. त्याला तेल सुटत नाही आणि ते खारट व ठसठशीत लागते; मात्र क्यूबचे चीज मऊ पडले, तरी फारसे वाहत नाही.
- मोझरेला : याला तार सुटते, परंतु चव अगदी सौम्य असते. केवळ मोझरेला घातलेल्या सँडविचमध्ये मिरचीचा तिखटपणा उघडा पडतो आणि खारटपणाची उणीव जाणवते.
- चेडर : चव तीव्र असते. फार मुरलेले चेडर तापल्यावर तेल सोडते आणि दाणेदार होते. अमेरिका किंवा इंग्लंडमधील मराठी घरांत हेच चीज सहज मिळते, तेव्हा तेथील वाचकांनी कमी मुरलेले चेडर घ्यावे किंवा त्यात निम्मे मोझरेला मिसळावे.
- चीज स्प्रेड : यात पाण्याचे प्रमाण जास्त असल्याने ते ब्रेडला लावण्यास सोयीचे असले, तरी भरण्याचा मुख्य घटक म्हणून ते उपयोगी नाही.

तिखट सँडविचसाठी सर्वांत भरवशाची जोडी म्हणजे निम्मे प्रोसेस्ड चीज आणि निम्मे मोझरेला. पहिले चव व खारटपणा देते, तर दुसरे सारण एकत्र बांधून ठेवते. एका सँडविचला दोन्ही मिळून ५० ग्रॅम चीज पुरे होते. २०० ग्रॅमच्या खोक्यात ८ क्यूब असल्यास प्रत्येक क्यूब २५ ग्रॅमचा असतो, म्हणजे एक क्यूब आणि तेवढेच मोझरेला एवढे प्रमाण लक्षात ठेवले तरी चालते. चीज नेहमी ताजे किसून घालावे, कारण जाड काप तापण्यास वेळ घेतात आणि तेवढ्यात ब्रेड करपतो. पाकिटातील तयार किसाला तो चिकटू नये म्हणून बहुधा पिष्ट किंवा सेल्युलोज लावलेले असते, त्यामुळे तोही सावकाश विरघळतो. किसण्यापूर्वी चीज दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवल्यास किसणीला चिकटत नाही, मात्र तयार किस ब्रेडवर घालण्यापूर्वी त्याचा गारठा जाऊ द्यावा.

तिखटपणा कोठून आणावा

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो आणि ते बियांमध्ये नव्हे, तर बिया ज्या पांढरट शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत सर्वाधिक असते. मिरची उभी चिरून ती शीर सुरीच्या टोकाने खरवडून काढली, तर मिरचीचा वास आणि चव राहते, पण तिखटपणा बराच उतरतो. उलट केवळ बिया झटकून टाकल्याने फारसा फरक पडत नाही. दुसरी महत्त्वाची बाब अशी की कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मात्र स्निग्ध पदार्थात सहज विरघळते. तिखट लागू पडावे आणि सर्व घासांत सारखे पसरावे, असे वाटत असेल, तर मिरची चटणीच्या पाण्यात न ठेवता लोण्यात किंवा चीजमध्येच मिसळणे हा खरा उपाय ठरतो. बहुतेक घरांमध्ये मिरचीचे तुकडे चीजच्या कापांवर नुसते भुरभुरवले जातात, आणि एखाद्या घासातच सगळी मिरची येण्याचे कारण तेच असते.

तिखटासाठी आपल्याकडे चार चांगले पर्याय आहेत. त्यांपैकी एका सँडविचमध्ये एक किंवा फार तर दोनच वापरावेत.

ठेचा. चीजशी सर्वांत उत्तम जुळणारा पर्याय हाच आहे, कारण त्यात पाणी जवळजवळ नसते. पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि तितक्याच लसूण पाकळ्या चमचाभर तेलात तव्यावर घालाव्यात. मिरच्यांच्या सालीवर पांढुरके फोड येऊन ते जागोजागी तपकिरी होऊ लागले, म्हणजे मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि थोडे जाडे मीठ घालून आच बंद करावी, आणि तव्यावरच जाड बुडाच्या वाटीने किंवा तांब्याने सारे ठेचून घ्यावे. तव्याला लागलेला तपकिरी थर या ठेचण्यात सुटून ठेच्यात मिसळतो. मिक्सरमध्ये वाटलेल्या ठेच्याला ही चव येत नाही आणि त्याची गुळगुळीत पेस्ट होते. चीज स्वतःच खारट असल्याने सँडविचसाठी केलेल्या ठेच्यात नेहमीच्या निम्मेच मीठ घालावे. एका सँडविचला एक लहान चमचा ठेचा किसलेल्या चीजमध्ये काट्याने मिसळून घ्यावा.

हिरवी चटणी. हातगाडीवरच्या सँडविचची ओळख ही चटणी असली, तरी घरची चटणी बहुधा पोह्यांबरोबर खाण्याइतकी पातळ असते आणि नेमकी तीच ब्रेडचा लगदा करते. कोथिंबीर धुऊन पूर्ण निथळावी, वाटताना पाणी शक्यतो घालू नये आणि दाटपणासाठी दोन चमचे डाळं किंवा शिळ्या ब्रेडचा एक तुकडा त्यातच वाटावा. चमचा उलटा केल्यावर चटणी खाली पडू नये, इतकी ती घट्ट असावी.

लसणीची सुकी चटणी. वडापावात घातली जाणारी ही चटणी पूर्ण कोरडी असल्याने नवशिक्यांसाठी सर्वांत सुरक्षित आहे. मात्र ती चीजमध्येच मिसळावी, बाहेरच्या लोण्यात मिसळल्यास तिखट आणि लसूण तव्यावर जळून कडू होतात.

ताजी मिरची. लवंगी मिरची अगदी बारीक चिरून अर्धीच घ्यावी. जाड, पोपटी रंगाची मिरची कमी तिखट असल्याने तिचे प्रमाण वाढवता येते. लाल तिखट वापरावयाचे असल्यास ब्याडगी रंग देते पण फारसा जाळ देत नाही, तर संकेश्वरी जाळही देते, हे ध्यानात ठेवून निवड करावी.

मिरची चिरल्यावर हात केवळ पाण्याने धुतल्यास बोटांची आग जात नाही. आधी थोडे तेल चोळून मग साबणाने धुवावेत आणि तोपर्यंत डोळ्यांना हात लावू नये. सँडविच अपेक्षेपेक्षा तिखट झाले, तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावे, कारण त्यातील केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून दूर नेते.

ब्रेड, लोणी आणि भाज्या

ब्रेड एक दिवसाचा असल्यास उत्तम, कारण अगदी ताजा मऊ ब्रेड दाबला जाऊन चपटा होतो. स्लाइसची जाडी सुमारे १२ मिलिमीटर असावी. ‘ब्राऊन ब्रेड’ या नावावर विसंबू नये. घटकांच्या यादीत गव्हाचे पीठ मैद्याच्या आधी आहे का, हे पाहावे, कारण पुष्कळदा तपकिरी रंग कॅरमेलचा असतो. लादीपाव आडवा कापूनही हे सँडविच चांगले होते आणि गोव्यातील पोई तर तिच्या चिवट कडेमुळे ठेचा-चीजला विशेष शोभते.

लोणी फ्रीजमधून आधीच बाहेर काढून मऊ होऊ द्यावे आणि तव्यावर न टाकता ब्रेडच्या बाहेरच्या बाजूस अगदी कडांपर्यंत पातळ लावावे. तव्यावर टाकलेले लोणी एका जागी शोषले जाते आणि ब्रेडवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. लोण्यातील दुधाचे घन अंश मोठ्या आचेवर जळतात, तुपात ते नसल्याने तूप अधिक ताप सहन करते; ज्यांना आच सांभाळणे जमत नाही, त्यांनी सुरुवातीला तूप वापरावे. आतल्या बाजूसही लोण्याचा पातळ थर दिल्यास चटणीतील पाणी ब्रेडमध्ये शिरत नाही.

कांदा, ढोबळी मिरची आणि उकडलेला बटाटा चालतो. टोमॅटो आणि काकडी यांतील पाणी मात्र तापल्यावर सुटते, म्हणून टोमॅटोचा गर काढून चकत्यांना मीठ लावून पाच मिनिटे ठेवावे व मग त्या कोरड्या फडक्याने टिपाव्यात. आणि भाजी चीजच्या दोन थरांच्या मध्ये ठेवावी, ब्रेडला लागून ठेवू नये. भाजीवर भुरभुरण्याचा सँडविच मसाला भाजलेले जिरे, बडीशेप, मिरी, दालचिनीचा छोटा तुकडा, आमचूर आणि काळे मीठ यांचा घरी सहज होतो.

आच : सर्वांत जास्त चुका येथे होतात

ब्रेडला सोनेरी रंग येण्यासाठी त्याच्या पृष्ठभागाचे तापमान १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जावे लागते, कारण पिठातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात रंग व सुवास निर्माण करणारी क्रिया तेव्हाच वेगाने घडते. चीजला मात्र त्याच्या जवळपास निम्माच ताप पुरतो, परंतु ब्रेडमधील हवा उष्णता सहज आत जाऊ देत नसल्यामुळे तो ताप चीजपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. आच मोठी ठेवली की ब्रेडचा रंग मिनिटभरात येतो आणि चीज मागे राहते. त्यावर उपाय दोन आहेत, मंद आच आणि झाकण. झाकणाखाली कोंडलेली ऊब वरच्या बाजूनेही चीज तापवू लागते. पुढील क्रम सोडू नये.

१. जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर दोन मिनिटे तापवून नंतर आच मंद करावी. नॉन-स्टिक तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवू नये, कारण अति तापल्यास त्याचा लेप खराब होतो आणि त्यातून हानिकारक धूर निघतो.

२. लोणी लावलेली बाजू खाली येईल अशी एक स्लाइस ठेवावी. या वेळी हलकी चुरचुर ऐकू यावी. तडतड आवाज आला, तर तवा जास्त तापला आहे असे समजून तो क्षणभर आचेवरून उतरवावा, आणि काहीच आवाज आला नाही, तर थोडे थांबावे.

३. तिखट मिसळलेल्या चीजचा निम्मा भाग पसरावा, कडेपासून अर्धा सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, भाजी ठेवावी, उरलेले चीज घालावे आणि दुसरी स्लाइस लोण्याची बाजू वर ठेवून बसवावी.

४. झाकण ठेवून तीन ते चार मिनिटे मंद आचेवर ठेवावे. उलथन्याने खालची बाजू उचलून पाहिली असता ती एकसारखी सोनेरी दिसली आणि वरची स्लाइस बोटाने ढकलल्यावर सरकेनाशी झाली, म्हणजे चीज सैलावून दोन्ही बाजूंना धरू लागले आहे. उलटण्याची योग्य वेळ हीच. त्याआधी उलटल्यास भरलेले सारे तव्यावर सांडते.

५. उलटल्यावर झाकण काढावे, म्हणजे वाफ कोंडून कडक झालेला ब्रेड पुन्हा मऊ पडत नाही. दोन ते तीन मिनिटे ठेवावे आणि उलथन्याने हलकेच दाबावे. जोराने दाबल्यास चीज बाहेर येते. कडेला थोडेसे ओघळलेले चीज तव्यावर जाळीदार आणि कुरकुरीत होते, ते खरवडून सँडविचलाच लावावे. तो भाग वाया जाऊ देऊ नये.

६. ताटात वाफ धरते, म्हणून एक मिनिट जाळीवर ठेवून मगच कापावे. लगेच कापल्यास चीज सुरीबरोबर बाहेर ओढले जाते.

इतर साधने

गॅसवर धरावयाचा हातातला टोस्टर कडा बंद करतो, त्यामुळे चीज सांडत नाही. मात्र त्यात सारण तव्यावरच्या सँडविचपेक्षा कमी घालावे, आच मध्यम ठेवावी आणि दर मिनिटाला बाजू बदलावी. विजेचे ग्रिल आधी पूर्ण तापवून घ्यावे. ते घेताना आयएसआय चिन्ह आणि अर्थिंग असलेली तीन पिनांची जोडणी पाहावी. एअर फ्रायरमधील पंख्याच्या झोताने वरची स्लाइस उडते, म्हणून टूथपिक टोचावी आणि वाढण्यापूर्वी ती आठवणीने काढावी. मायक्रोवेव्हमध्ये चीज विरघळते, पण ब्रेड चामट होतो. या कामासाठी तो वापरू नये.

उघडा चिली चीज टोस्ट करावयाचा असेल, तर ब्रेडची एकच बाजू आधी भाजून, त्या भाजलेल्या बाजूवर किसलेले चीज, बारीक चिरलेली मिरची, कांदा, ढोबळी मिरची आणि मिरपूड यांचे मिश्रण पसरावे. कच्च्या बाजूवर पसरल्यास ब्रेड ओला पडतो. नंतर ओव्हनमध्ये २०० अंशांवर, वरची कॉइल चालू ठेवून, पाच ते सात मिनिटे किंवा तव्यावर झाकणाखाली चीज वितळेपर्यंत ठेवावे. याच टोस्टवर अर्धवट तळलेले अंडे ठेवले, की मुंबईच्या विलिंग्डन क्लबशी नाव जोडले गेलेला ‘एग्ज केजरीवाल’ तयार होतो.

पाकिटावर काय पाहावे आणि ग्राहकाचे हक्क

सर्व कृती बिनचूक करूनही चीज मेणासारखे लागत असेल, तर आपण घेतलेला पदार्थ चीजच आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते. दुधातील घटकांऐवजी पूर्णतः किंवा अंशतः अन्य घटक, बहुधा वनस्पती तेल आणि पिष्ट, वापरून केलेल्या पदार्थास अ‍ॅनालॉग म्हणतात. असा पदार्थ विकणे बेकायदेशीर नाही, मात्र तो चीज या नावाने विकता येत नाही. सुट्या किंवा मोठ्या पाकिटांतील स्वस्त ‘पिझ्झा टॉपिंग’बाबत म्हणूनच विशेष सावध राहावे. खरेदीच्या वेळी पुढील बाबी पाहाव्यात.

- घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तीत पाम तेल किंवा खाद्य वनस्पती तेल दिसल्यास ते चीज नव्हे. इमल्सीकारकांचे क्रमांक, उदाहरणार्थ ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट, प्रोसेस्ड चीजमध्ये असणे स्वाभाविक असून त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.
- शाकाहारी वाचकांनी हिरव्या चौकोनातील हिरवे वर्तुळ पाहावे. काही परदेशी चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेट या विकराने विरजलेले असते. मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण हे चिन्ह ठरवलेले आहे.
- अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो. तो, वापराची मुदत आणि कमाल किरकोळ किंमत, यांपैकी काहीही खोडलेले किंवा वर चिकटपट्टी लावलेले असल्यास पाकीट घेऊ नये. छापील कमाल किमतीहून अधिक रक्कम दुकानदाराला मागता येत नाही.

संशय असल्यास पाकीट आणि बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. याखेरीज अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार कोणाही ग्राहकास शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेण्याचा हक्क आहे. फक्त तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास सांगावा लागतो, आणि पदार्थ नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते. हा हक्क फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

साठवण आणि डबा

उघडलेले चीज बटर पेपरमध्ये गुंडाळून बंद डब्यात, ५ अंशांखाली ठेवावे. त्यावर बुरशी दिसल्यास किसलेले किंवा मऊ चीज संपूर्ण टाकून द्यावे. गोठवलेले मोझरेला एकदा सैल झाल्यावर पुन्हा गोठवू नये, म्हणून पाकीट आणल्यावरच लहान वाटे करून ठेवावेत. ठेचा चीजमध्ये मिसळून हे मिश्रण दोन दिवस फ्रीजमध्ये राहते, त्यामुळे सकाळच्या घाईत फक्त भरणे आणि भाजणे एवढेच काम उरते.

शाळेच्या डब्यात द्यावयाचे सँडविच पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये, कारण आतली वाफ ब्रेड मऊ करते. डब्याच्या तळाशी कागदी रुमाल घालावा आणि टोमॅटो मुळीच घालू नये. लहान मुलांसाठी ठेचा वगळून चीजमध्ये फक्त मिरपूड आणि थोडा भाजलेला लसूण घालावा. चीज व लोणी दोन्ही खारट असतात आणि प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांनी बिनमिठाचे लोणी वापरावे आणि सोबत केचप घेऊ नये. उरलेले सँडविच पुन्हा गरम करताना तव्यावर लोणी न घालता, आधी झाकण ठेवून दोन मिनिटे आणि मग झाकण काढून एक मिनिट, अगदी मंद आचेवर ठेवावे.